प्रश्न वाचकांचे : पॅरिसमधील जुलै १९४२ ची धरपकड

जून महिन्याच्या अंकात युरोपातील स्मृतिस्थळांविषयी एका वाचकाला उत्तर देताना, १६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये झालेल्या ज्यूंच्या सामूहिक धरपकडीचा उल्लेख आम्ही केला होता. त्या धरपकडीत लहान मुलांसह १३ हजारांहून अधिक माणसे पकडली गेली आणि त्यांतील बहुतेक सर्व जण पुढे आउशविट्झच्या मृत्युछावणीत मारले गेले, एवढेच तेथे लिहिले होते. त्यावर नाशिक शहरातून आणि देवळालीतून आलेली पत्रे इतक्या आस्थेने लिहिलेली आहेत की या महिन्याचे संपूर्ण सदर त्याच विषयाला देत आहोत.

प्रश्न : शासकीय कार्यालयाच्या अभिलेख विभागात नोकरी करून मी निवृत्त झालो. एवढ्या मोठ्या शहरात कोणता ज्यू माणूस कोणत्या घरात राहतो हे पोलिसांना इतके नेमके कसे ठाऊक होते? आणि धोका दिसत असताना ही माणसे आधीच निघून का गेली नाहीत?
— एक निवृत्त अभिलेखपाल, नाशिक रोड

उत्तर : आपण ज्या प्रकारच्या खात्यात आयुष्य घालवले, तशाच एका खात्यात आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पराभव झाल्यावर देशाचा उत्तर भाग आणि अटलांटिकचा किनारा जर्मन लष्कराच्या ताब्यात गेला, तर व्हिशी या गावी मार्शल पेताँ यांचे, जर्मनांशी सहकार्य करणारे सरकार स्थापन झाले. परंतु व्याप्त भागातही रोजचे प्रशासन, रेल्वे आणि पोलीस फ्रेंचच राहिले. २७ सप्टेंबर १९४० रोजी जर्मन लष्करी प्रशासनाने व्याप्त भागातील ज्यूंनी नोंदणी करावी असा हुकूम काढला आणि ती नोंदणी फ्रेंच पोलिसांनी करून घेतली. पॅरिस आणि भोवतालच्या सेन जिल्ह्यात सुमारे दीड लाख माणसांनी ठाण्यावर जाऊन आपले नाव, पत्ता, व्यवसाय आणि राष्ट्रीयत्व स्वतः लिहून दिले. रांगेत उभ्या राहिलेल्या या माणसांना भोळे म्हणणे अन्यायाचे होईल. कायदा पाळणाऱ्या नागरिकाने सरकारी हुकूम आल्यावर जे करायचे असते तेच त्यांनी केले, आणि त्यांच्यापैकी कित्येक जण पोलंड, रशिया किंवा जर्मनीतील छळातून सुटून फ्रान्स हा मानवी हक्कांचा देश आहे या विश्वासानेच तेथे आले होते.

या नोंदींवरून पॅरिसच्या पोलीस मुख्यालयात आंद्रे त्युलार या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली कार्डांचा एक संग्रह तयार झाला. ती कार्डे आडनावानुसार, रस्त्यानुसार, व्यवसायानुसार आणि राष्ट्रीयत्वानुसार अशी चार प्रकारे लावलेली होती. अमुक रस्त्यावर पोलंडचे किती ज्यू राहतात आणि कोणत्या क्रमांकाच्या घरात राहतात, हे कार्डांचा खण उघडताच कळावे, अशी ही सोय होती. अभिलेखाच्या कामाची उत्तम जाण असणाऱ्या माणसांनी ते काम चोख केले होते, आणि या चोखपणाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधत आहोत, कारण जुलै १९४२ मध्ये जे दोन दिवसांत घडले त्याची तयारी जवळजवळ दोन वर्षे अशा शांत खोल्यांमध्ये चालली होती. दरम्यान व्हिशी सरकारने ३ ऑक्टोबर १९४० रोजी स्वतः कायदा करून ज्यूंना सरकारी नोकऱ्या, अध्यापन आणि वृत्तपत्रे यांतून दूर केले. ७ जून १९४२ पासून व्याप्त भागात सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यू व्यक्तीला कपड्यांवर पिवळा तारा शिवून वावरण्याची सक्ती झाली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उद्याने, नाट्यगृहे आणि सार्वजनिक जागा त्यांना बंद झाल्या आणि दुकानांत जाण्यासाठी दुपारी तीन ते चार हा एकच तास उरला.

आता दुसरा प्रश्न. याआधीही पॅरिसमध्ये ज्यूंना पकडले गेले होते, परंतु पुरुषांना. १४ मे १९४१ रोजी परदेशी ज्यू पुरुषांना हिरव्या रंगाच्या चिठ्ठ्या पाठवून कागदपत्रांच्या तपासणीसाठी बोलावण्यात आले आणि जे सुमारे ३,७०० जण हजर झाले त्यांना ल्वारे जिल्ह्यातील पितिव्हिये आणि बोन-ला-रोलांद येथील छावण्यांत डांबले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरमध्येही पुरुषच उचलले गेले. त्यामुळे जुलै १९४२ मध्ये कुजबुज सुरू झाली आणि ज्यू प्रतिकार गटांनी यिडिश या पूर्व युरोपीय ज्यूंच्या भाषेतील पत्रके वाटून सावध केले, तेव्हा अनेक घरांतील पुरुष लपले आणि स्त्रिया मुलांना घेऊन घरीच थांबल्या. बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला कोणी धरून नेईल, ही कल्पनाच त्यांच्या मनाला शिवली नव्हती. शिवाय जायचे कोठे, कोणाच्या भरवशावर आणि कोणत्या पैशावर, हे प्रश्न होतेच. बहुतेक जण शिवणकाम, चामड्याचे काम आणि फरच्या कपड्यांचे काम करणारे गरीब कारागीर होते आणि त्यांच्या बोलण्यातील परकी ढब पहिल्या वाक्यातच ओळखू येत असे.

सुमारे २७ हजार कार्डे या कामासाठी बाहेर काढण्यात आली. कारवाई प्रथम १३ जुलैपासून व्हायची होती, पण १४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिन मध्ये येत असल्याने ती दोन-तीन दिवस पुढे ढकलली गेली. पॅरिसच्या पोलीस दलातील वरिष्ठ अधिकारी एमिल एनकँ यांनी काढलेले सूचनापत्रक उपलब्ध आहे. अटक शक्य तितक्या वेगाने करावी, अनावश्यक बोलू नये आणि कोणतेही भाष्य करू नये. गॅस, वीज आणि पाणी बंद केले आहे ना याची खात्री करावी. घरातील पाळीव प्राणी आणि किल्ली इमारतीच्या राखणदाराकडे द्यावी. अटक झालेल्या व्यक्तीने दोन पांघरुणे, पायताण, मोजे, कपडे आणि दोन दिवसांचे खाणे बरोबर घ्यावे, असे त्यात लिहिले आहे. मांजराची व्यवस्था लावण्याइतकी काळजी ज्या कागदाने घेतली, त्याच कागदाने माणसांना मृत्यूकडे पाठवले. सुमारे साडेचार हजार फ्रेंच पोलीस १६ जुलैच्या पहाटे चारच्या सुमारास कामाला लागले. दोन दिवसांत ३,११८ पुरुष, ५,९१९ स्त्रिया आणि ४,११५ मुले, म्हणजे एकूण १३,१५२ जण पकडले गेले. यादीतील जवळजवळ निम्मे लोक सापडले नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. कारण त्यांना कोणीतरी आधी कळवले होते, कोणीतरी दार उघडले होते किंवा दारावर आलेल्या एखाद्या पोलिसाने, थोड्या वेळाने परत येतो, असे सांगून मुद्दाम अवधी दिला होता.

प्रश्न : आपल्या उत्तरात मुलांचा उल्लेख होता. मी लहान मुलांच्या रुग्णालयात परिचारिका आहे. मुलांनाही पकडा असा जर्मनांचा हुकूम होता का, आणि त्या मुलांचे पुढे नेमके काय झाले?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर लिहिताना हात जड होतो, पण ते तपशिलाने देणेच योग्य आहे. जर्मनांनी प्रथम मागितले होते ते काम करू शकतील अशा वयाचे, म्हणजे सोळा वर्षांवरील ज्यू. व्हिशी सरकारचे प्रमुख पिएर लाव्हाल यांनी सोळा वर्षांखालील मुलांनाही आईवडिलांबरोबर पाठवावे असे स्वतःहून सुचवले. कुटुंबे तोडू नयेत, असे कारण त्यासाठी पुढे करण्यात आले. बर्लिनचा होकार येण्यापूर्वीच मुले पकडली गेली होती. यांतील बहुसंख्य मुले फ्रान्समध्ये जन्मलेली, फ्रेंच शाळेत शिकणारी आणि कायद्याने फ्रेंच नागरिक होती, तर कारवाई कागदोपत्री परदेशी आणि राष्ट्रीयत्व नसलेल्या ज्यूंविरुद्ध होती.

ज्यांना मुले नव्हती अशा प्रौढांना पॅरिसच्या उत्तरेकडील द्रांसीच्या छावणीत नेण्यात आले. मुले असलेली कुटुंबे, म्हणजे ८ हजारांहून अधिक माणसे, शहराच्या पंधराव्या विभागातील वेलोद्रोम दिव्हेर या सायकल शर्यतींच्या बंदिस्त क्रीडागृहात कोंडली गेली. ते आयफेल टॉवरपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. हवाई हल्ल्यांच्या भीतीने त्याचे काचेचे छत गडद रंगवलेले होते आणि खिडक्या बंद केलेल्या होत्या, त्यामुळे जुलैच्या उकाड्यात आत श्वास घेणे अवघड झाले होते. काही स्वच्छतागृहांच्या खिडक्या रस्त्याकडे उघडत म्हणून ती बंद करून टाकली होती आणि उरलेली काही तासांतच तुंबली. एका वेळी दोनच डॉक्टरांना आत परवानगी होती. गोवर आणि जुलाब झालेली मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध माणसे पाच दिवस त्या बाकांवर आणि जमिनीवर पडून होती. आपण परिचारिका आहात, त्यामुळे याहून अधिक सांगायला नको. त्या गर्दीत अग्निशमन दलाचे काही जवान आले, त्यांनी पाण्याचे नळ खुले केले आणि लोकांनी हातात कोंबलेल्या चिठ्ठ्या खिशात घालून त्या बाहेर टपालात टाकल्या.

तेथून या कुटुंबांना पितिव्हिये आणि बोन-ला-रोलांद येथे नेण्यात आले. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत प्रौढांना आणि मोठ्या मुलांना आउशविट्झकडे पाठवले गेले आणि त्यासाठी आयांपासून लहान मुले बळाने, काठ्यांनी आणि पाण्याच्या फवाऱ्यांनी वेगळी करण्यात आली. कुटुंबे तोडू नयेत हे कारण येथे संपले. मागे उरलेल्या मुलांमध्ये दोन, तीन आणि चार वर्षांची मुले होती. ऑगस्टच्या मध्यापासून त्यांना द्रांसीला आणून, अनोळखी प्रौढांबरोबर मालडब्यांत घालून आउशविट्झला पाठवण्यात आले. द्रांसीत कैदी असलेले जॉर्ज वेलेर्स यांनी १९६१ मध्ये, ज्यूंच्या पाठवणीचे आयोजन करणारा नाझी अधिकारी आइखमान याच्यावरील जेरुसलेमच्या खटल्यात साक्ष देताना सांगितले की यांतील सर्वांत लहान मुलांना स्वतःचे नावही सांगता येत नव्हते, आणि गळ्यात अडकवलेल्या ओळखपट्ट्या मुले आपापसांत बदलून टाकत. तेथे पोहोचताच ही मुले विषारी वायूच्या कोठड्यांत मारली गेली. ज्या मुलांना आउशविट्झला पाठवले गेले, त्यांतील एकही लहान मूल परत आले नाही. छावणीतून निसटलेली मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. अकरा वर्षांचा जोसेफ वाइसमान एका मित्राबरोबर बोन-ला-रोलांदच्या काटेरी तारांखालून तासन्‌तास सरपटत बाहेर पडला. पुढे अनेक दशकांनी, जबाबदारी म्हणून, त्यांनी शाळाशाळांतून ही हकिगत सांगितली.

प्रश्न : फ्रान्सने या कृत्याची जबाबदारी १९९५ मध्ये मान्य केली असे वाचले. इतकी वर्षे का लागली? आणि इतक्या उशिरा मान्य करून मृतांचा काय फायदा?
— एक ज्येष्ठ वकील, शरणपूर रोड

उत्तर : युद्धानंतर फ्रान्समध्ये अशी भूमिका घेतली गेली की व्हिशी सरकार हे खरे फ्रान्स नव्हतेच, खरे फ्रान्स लंडनमध्ये, जर्मनांविरुद्ध लढा चालू ठेवणाऱ्या जनरल द गॉल यांच्याबरोबर आणि देशात प्रतिकार चळवळीत होते. युद्धाने फाटलेल्या देशाला पुन्हा उभे राहण्यासाठी ही भूमिका सोयीची होती आणि तिच्यात सत्याचा अंशही होता, पण ज्या पोलिसांनी दारे ठोठावली त्यांना तिने दृष्टिआड केले. क्रीडागृहाच्या जागी लावलेल्या पहिल्या फलकावर जर्मन हुकमाचा उल्लेख होता, तो अंमलात आणणाऱ्या फ्रेंच पोलिसांचा नव्हता. १९५६ मध्ये छळछावण्यांविषयीच्या एका फ्रेंच माहितीपटात फ्रान्समधील एका छावणीवर पहारा देणाऱ्या फ्रेंच शिपायाची टोपी दिसत होती, तर परीक्षण मंडळाच्या आग्रहामुळे ती झाकावी लागली. क्रीडागृह १९५९ मध्ये पाडले गेले. त्या धरपकडीचे म्हणून वर्षानुवर्षे छापले जाणारे एक छायाचित्र जर्मनांपासून मुक्ती मिळाल्यानंतर पकडलेल्या फितुरांचे आहे, असे पुढे लक्षात आले. खरे म्हणता येईल असे एकच छायाचित्र सापडले आहे, ज्यात क्रीडागृहासमोर उभ्या असलेल्या प्रवासी बसगाड्या दिसतात.

पोलीस खात्याचे तेव्हाचे प्रमुख सचिव रने बुस्के यांनी जर्मनांशी या कारवाईच्या वाटाघाटी केल्या होत्या. युद्धानंतर त्यांना नाममात्र शिक्षा झाली आणि तीही लगेच माफ झाली. पुढे ते बँकेच्या क्षेत्रात प्रतिष्ठित आयुष्य जगले. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा आरोप त्यांच्यावर १९९१ मध्ये ठेवला गेला आणि खटला उभा राहण्यापूर्वीच, ८ जून १९९३ रोजी, एका इसमाने त्यांना गोळ्या घातल्या. आपण वकील आहात, तेव्हा न चाललेल्या खटल्याने काय गमावले जाते हे आपल्याला अधिक ठाऊक असेल. साक्षीपुरावे तपासले गेले असते, हुकमांची साखळी न्यायालयाच्या नोंदीत आली असती. ते राहून गेले.

राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी १९९३ मध्ये १६ जुलै हा स्मृतिदिन जाहीर केला, आणि पुढच्या वर्षी सेन नदीच्या काठी शिल्पकार वाल्टर स्पित्झर यांनी घडवलेले स्मारक उभे राहिले. परंतु शब्द उच्चारले गेले ते १६ जुलै १९९५ रोजी. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांनी स्पष्ट सांगितले की आक्रमकाच्या गुन्हेगारी वेडाला फ्रेंच माणसांनी आणि फ्रेंच राज्यसंस्थेने साथ दिली आणि फ्रान्सने त्या दिवशी कधीही भरून न येणारे कृत्य केले.

मृतांचा फायदा काय, हा आपला प्रश्न कठोर असला तरी रास्त आहे. मृतांना काहीच परत मिळत नाही. परंतु परत आलेल्या मोजक्या माणसांना आणि लपवून वाचवलेल्या मुलांना पन्नास वर्षे असे ऐकावे लागले होते की त्यांच्या आईला जर्मनांनी नेले, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तर गल्लीतला ओळखीचा फ्रेंच शिपाई उभा होता. आपण जे पाहिले ते खरे होते, असे राज्यसंस्थेच्या तोंडून ऐकायला मिळणे हा त्यांचा हक्क होता आणि तो त्यांना उशिरा मिळाला. त्याचबरोबर, गुन्ह्याचा कर्ता वगळून केलेले स्मरण अपुरे असते, अशी आमची ठाम भूमिका आहे. नुसते ‘मारले गेले’ असे म्हणत राहिलो, तर कोणी मारले हा प्रश्न विचारायची सवयच मोडते.

प्रश्न : असे फक्त पॅरिसमध्येच घडले का? कोणी विरोध केला नाही का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : व्याप्त युरोपात अनेक शहरांत घडले. ॲम्स्टरडॅममध्ये २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी जर्मन पोलिसांनी सुमारे चारशे ज्यू तरुणांना भर चौकातून उचलले. त्यावर २५ फेब्रुवारीला शहरातील ट्रामचालक, गोदी कामगार आणि कारखान्यांतील मजूर यांनी काम बंद ठेवले आणि हा संप आसपासच्या गावांत पसरला. तो दोन दिवसांत बळाने मोडला गेला, उचललेले तरुण जवळजवळ सर्व छावण्यांत मेले, आणि नेदरलँड्समधून पुढे १ लाखाहून अधिक ज्यू नेले गेले. तरीही आपल्या शेजाऱ्यांसाठी एक संपूर्ण शहर थांबले होते ही गोष्ट खरी आहे, आणि दर वर्षी २५ फेब्रुवारीला गोदी कामगाराच्या पुतळ्यापाशी ती आठवली जाते. ऑस्लोमध्ये २६ नोव्हेंबर १९४२ रोजी नॉर्वेच्याच पोलिसांनी स्त्रिया आणि मुलांना टॅक्सींतून बंदरावर आणले आणि पाचशेहून अधिक माणसे ‘डोनाउ’ या जहाजातून पाठवली गेली. त्याबद्दल नॉर्वेच्या पंतप्रधानांनी जानेवारी २०१२ मध्ये क्षमा मागितली. रोममध्ये १६ ऑक्टोबर १९४३ रोजी पकडलेल्यांपैकी हजाराहून अधिक जण आउशविट्झला गेले आणि १६ परतले.

विरोधाचे जे उदाहरण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते फ्रान्समधीलच नांसी या शहराचे आहे. पॅरिसनंतर दोनच दिवसांनी, १९ जुलै १९४२ रोजी, तेथील ३८५ परदेशी ज्यूंना पकडायचे होते. परदेशी नागरिकांच्या विभागाचे प्रमुख एदुआर व्हिन्येराँ आणि त्यांचे सहकारी यांनी आदल्या दिवशी घरोघरी जाऊन लोकांना सावध केले, काहींना खोटी ओळखपत्रे दिली, काहींना स्वतःच्या घरी लपवले. दुसऱ्या दिवशी ३२ जण सापडले. गणवेश तोच होता, यादी तशीच होती आणि हुकूमही तोच होता. ‘आमच्या हातात काही नव्हते’ असे जे म्हणतात त्यांना नांसीचे उत्तर द्यावे लागते. एकूण फ्रान्समधून सुमारे ७६ हजार ज्यू पाठवले गेले, ज्यांत ११ हजारांहून अधिक मुले होती आणि परतले ते सुमारे अडीच हजार. मात्र फ्रान्समधील सुमारे तीन चतुर्थांश ज्यू वाचले, आणि त्यामागे स्वतः ज्यू संघटनांची गुप्त धडपड, तसेच शेतकरी, शिक्षक, नन आणि धर्मगुरू अशा असंख्य माणसांचे साहाय्य होते.

प्रश्न : आमच्या देवळालीतही युद्धकाळात जर्मन लोकांची छावणी होती असे वडीलधारी माणसे सांगत. ती द्रांसीसारखीच म्हणायची का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : नाही, आणि हा फरक स्पष्ट ठेवला पाहिजे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने भारतातील जर्मन नागरिकांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केले. ही माणसे प्रथम अहमदनगरला, नंतर काही काळ देवळालीला आणि पुढे डेहराडूनला ठेवली गेली. त्यांत व्यापारी, मिशनरी आणि नाझी पक्षाचे उघड समर्थकही होते. दुर्दैव असे की हिटलरपासून पळून भारतात आलेल्या ज्यू निर्वासितांचे पारपत्रही जर्मनच असल्याने त्यांच्यापैकी अनेकांना आरंभी नाझींच्याच शेजारी राहावे लागले. चौकशीनंतर त्यांतील बऱ्याच जणांची सुटका झाली, आणि त्या कामी मुंबईतील ज्यू रिलीफ असोसिएशनने मोठी खटपट केली. स्थानबद्धता कष्टाची आणि अपमानाची होती यात शंका नाही. परंतु तेथे माणसाच्या नागरिकत्वाची चौकशी होत होती, पत्रे येत-जात होती, आणि छावणीच्या पलीकडे मृत्यूची गाडी उभी नव्हती. द्रांसीत तीन वर्षांच्या मुलाचा गुन्हा त्याचा जन्म हाच होता. दोन्हींना ‘छावणी’ म्हणतो म्हणून दोन्ही एका मापाने मोजू नयेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आमच्या वाचक मंडळातर्फे १६ जुलैला छोटा स्मरण कार्यक्रम करावा असे आम्हा काही शिक्षिकांच्या मनात आहे. पण आपला त्यांच्याशी काय संबंध, असे काही सहकारी विचारतात. कार्यक्रम करावा का, आणि कसा करावा?
— एक शिक्षिका, गंगापूर रोड

उत्तर : अवश्य करावा. संबंध हवाच असेल तर तो महाराष्ट्राला दूर शोधावा लागत नाही. कोकण किनाऱ्यावर नवगावपासून वसलेले आणि शनिवार पाळणारे म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले बेने इस्रायल ज्यू शतकानुशतके मराठी बोलत आले, मराठीत कीर्तने करत आले, आणि त्यांच्या धर्मामुळे त्यांना या भूमीत कधी कोणी घरातून ओढून नेले नाही. पॅरिसच्या कार्डांवर जे लिहिले होते तेच या मराठी माणसांच्या बाबतीतही लिहिता आले असते, हे विद्यार्थ्यांना सांगावे. तथापि संबंध नसता तरी आमचे उत्तर तेच राहिले असते.

कार्यक्रमाचा गाभा नावांचे वाचन हा असावा. आपल्या गोदाकाठच्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या घराण्यांच्या वह्या असतात आणि दूरच्या गावाहून आलेला माणूस त्यांत आजोबांची सही पाहून स्वतःचे व मुलांचे नाव खाली लिहितो. पॅरिसमधील ज्या घरांतून आजीपासून नातवापर्यंत सर्व जण नेले गेले, त्यांचे नाव पुढे लिहायला कोणी उरले नाही, आणि म्हणून ते काम इतरांनी अंगावर घेतले. सेर्ज क्लार्सफेल्ड यांच्या वडिलांना १९४३ मध्ये नीस शहरात पकडून नेले गेले, तेव्हा आठ वर्षांचे सेर्ज आई आणि बहिणीबरोबर कपाटामागील खोट्या भिंतीआड लपलेले होते. त्यांनी आगगाड्यांच्या मूळ याद्या मिळवून, प्रत्येक गाडीतील प्रत्येक माणसाचे नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ देणारा ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे मुलांची छायाचित्रे आणि पत्तेही त्यांनी वर्षानुवर्षे जमवले. २००५ मध्ये पॅरिसच्या शोआ (म्हणजे ज्यूंचा नरसंहार) स्मारकात उभारलेल्या भिंतींवर ती सुमारे ७६ हजार नावे कोरली आहेत. पॅरिसच्या शेकडो शाळांच्या दारांवर, तेथून नेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ फलक आहेत.

आपण सर्व नावे वाचू शकणार नाही आणि वाचण्याची गरजही नाही. एका रस्त्यावरील किंवा एका शाळेतील मुलांची नावे घ्यावीत, प्रत्येकाचे वय आणि पत्ता वाचावा, आणि वाचनाची घाई करू नये. नावे बहुधा पोलिश किंवा यिडिश वळणाची असतील. वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी उच्चार आधी शिकून घ्यावेत, कारण व्यासपीठावर अडखळून हसू फुटले तर सारेच व्यर्थ होईल. प्रेतांची छायाचित्रे दाखवू नयेत. शाळेच्या वर्गात किंवा वाढदिवसाला काढलेली छायाचित्रे दाखवावीत, म्हणजे विद्यार्थ्यांना आपल्याच वयाची मुले दिसतील. नावांनंतर एनकँ यांच्या सूचनापत्रकाचा मराठी सारांश वाचावा आणि त्यापाठोपाठ नांसीची हकिगत सांगावी. आजच्या कोणत्याही राजकीय वादाची पुस्ती जोडू नये. त्या मुलांना तेवढा एक तास संपूर्ण मिळू द्यावा. ‘आपला काय संबंध’ असे विचारणाऱ्या सहकाऱ्यांनाही वाद न घालता बोलवावे आणि त्यांच्या हाती दहा नावांचा कागद द्यावा.

प्रश्न : माझी मुलगी शिक्षणासाठी पॅरिसला असते आणि मी जुलैत तिच्याकडे जात आहे. या जागा पाहता येतात का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : येतात. क्रीडागृह आता नाही, पण बिर-हाकेम या मेट्रो स्थानकाजवळ, नेलाताँ रस्त्यावर, मुलांच्या नावांची भिंत असलेली बाग २०१७ पासून आहे आणि नदीकाठचे स्मारक तेथून जवळच आहे. १६ जुलै रविवारी आला तर त्या दिवशी, नाहीतर त्यानंतरच्या रविवारी, तेथे सरकारी अभिवादन होते. नावांची भिंत असलेले शोआ स्मारक मारे भागात आहे. तेथे प्रवेश विनामूल्य असून शनिवारी ते बंद असते. द्रांसी शहराबाहेर आहे. ज्या इमारतींत छावणी होती त्यांत आज सामान्य कुटुंबे भाड्याने राहतात, समोर मालगाडीचा एक डबा आणि शिल्प आहे, आणि रस्त्यापलीकडे २०१२ मध्ये सुरू झालेले संग्रहालय आहे. तेथे लोकांची घरे आहेत हे ध्यानात ठेवून छायाचित्रे काढावीत.